कावळ्याच्या घरट्यातलं कोकिळेचं पिल्लू: पिसं बघून ओळखायचं कसं आणि नोंद ठेवायची कशी

जूनमधे पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की मला दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोटो येतो. बाल्कनीच्या ग्रिलवर नाहीतर पार्किंगमधल्या गाडीच्या टपावर बसलेलं काळं पिल्लू, अंगावर पांढुरके ठिपके, शेपूट अर्धवट, आणि खाली लिहिलेलं असतं "कावळ्याचं पिल्लू सापडलंय, काहीतरी रोग वाटतोय, काय करू?" फोटो मोठा करून पाय बघितले की बरेचदा कळतं की हे कावळ्याचं नाहीच, कोकिळेचं आहे, आणि रोगबिग काही नाही, पिसं अजून पूर्ण यायची आहेत एवढंच. पण तोपर्यंत त्याला खोक्यात घालून दूध-पाव भरवून झालेला असतो आणि ज्या कावळ्यांनी त्याला एवढं वाढवलं ते बाहेर ओरडून ओरडून दमलेले असतात. मला हे फार लागतं, म्हणून माझ्या मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून, समोरच्या पर्जन्यवृक्षाकडे बघत जे शिकले ते सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधीच सांगते, रंगावर जाऊ नका. लहान पक्ष्याचा रंग दर काही आठवड्यांनी बदलतो, त्यामुळे "काळा म्हणजे कावळा, ठिपकेवाली म्हणजे कोकिळा" या हिशोबाने हमखास चुकायला होतं. बघायचं ते पिसाचं वय. कुठलं पीस घरट्यातलं आहे, कुठलं नवीन आलंय, कुठलं नुसतं झिजलंय, हे तीन वेगळे करता आले की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं.

कोण कोणाकडे वाढतं

मुंबईत दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारे पक्षी तसे बरेच आहेत पण घरबसल्या बघता येतो तो कोकीळच, कारण त्याची पिल्लं वाढवतो आपला रोजचा गावकावळा, कधीकधी डोमकावळासुद्धा. संस्कृतात कोकिळेला परभृत म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, त्यामुळे ही काही आजची माहिती नाही. पावशा आणि चातक हे कोकिळेच्याच कुळातले, पण त्यांची पिल्लं वाढवतात सातभाई (घोळक्याने कलकलाट करत फिरणारे पक्षी), त्यांच्यासाठी आरे, नॅशनल पार्क, भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर असं कुठेतरी जावं लागतं. भारद्वाज कोकिळेच्याच कुळातला, पण तो आपलं घरटं आपण बांधतो आणि पोरं आपण वाढवतो, त्याला यात ओढू नका.

एप्रिल-मे मधे कावळ्यांची काड्यांची आणि तारांची जमवाजमव जोरात असते, आणि त्याच सुमाराला कोकिळेचं ओरडणं पण टिपेला पोचतं, पहाटे चारला सुद्धा. (तो कुहू कुहू करणारा नर असतो हो, काळाभोर, लाल डोळ्याचा. मादी तपकिरी, ठिपकेदार, तिचा आवाज किक्-किक्-किक् असा घाईचा. गाण्यांत सगळं श्रेय मादीला जातं.) कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असतं आणि साधारण १२ ते १४ दिवसांत फुटतं, कावळ्याच्या अंड्याला त्याहून दोन-तीन दिवस जास्त लागतात. या दोन-तीन दिवसांतच सगळा खेळ आहे, कोकिळेचं पिल्लू आधी बाहेर येतं, आधी खायला लागतं. पण युरोपातल्या कुकूचं पिल्लू जसं यजमानाची अंडी पाठीने ढकलून खाली टाकतं तसं आपल्या कोकिळेच्या पिल्लाचं सहसा नसतं, त्यामुळे एकाच घरट्यात कावळ्याचं आणि कोकिळेचं पोर शेजारी शेजारी चोच वासून बसलेलं दिसू शकतं. असं घरटं खिडकीसमोर मिळालं तर तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही, दोघांची पिसं बाजूबाजूला तुलना करून बघता येतात.

पिसं येतात कशी

अंड्यातून निघालेलं कोकिळेचं पिल्लू उघडं असतं, अंगावर लव सुद्धा नाही. मग कातडीतून बारीक नळ्या फुटायला लागतात, त्याला सगळे पिन फेदर म्हणतात, काही दिवस पिल्लू अगदी साळिंदरासारखं दिसतं. नळीच्या आत पीस गुंडाळी करून असतं आणि त्यात रक्त वाहत असतं, म्हणून ती राखाडी-निळसर दिसते. पीस तयार होत आलं की टोकाकडून वेष्टण फुटतं, पिल्लू चोचीने ते सोलून काढतं आणि कोंड्यासारखा पांढरा भुसा पडतो. "त्वचारोग" वाटतो तो बरेचदा हाच भुसा.

हा जो पहिला संपूर्ण पोशाख, तो घाईत शिवलेला असतो असं समजा. तीन-चार आठवड्यांत सगळ्या अंगाची पिसं एकदम वाढवायची म्हटल्यावर माल कमी पडणारच, त्यामुळे ती पिसं मोठ्या पक्ष्याच्या पिसांपेक्षा विरळ, मऊ, ढिली असतात. शेपटीखाली आणि पोटाच्या मागच्या बाजूला बघा, तिथे पिसं कापसासारखी भुरभुरीत दिसतील. पिल्लू ओळखायची ही माझी आवडती जागा आहे, कारण तिथे रंगाचा काही संबंधच येत नाही.

आणखी एक फार सुंदर खूण शेपटीत असते. पीस वाढताना त्यावर दिवसागणिक फिकट-गडद आडव्या रेषा उमटतात, अगदी पुसट. पिल्लाची शेपटीची सगळी पिसं एकाच वेळी वाढतात, म्हणून एखाद्या दिवशी उपाशी राहिलं, दोन दिवस तुफान पाऊस लागला आणि खाणं कमी मिळालं, तर ती कमजोर रेघ सगळ्या पिसांवर एकाच उंचीवर येते, पट्टीने ओढल्यासारखी. मोठ्या पक्ष्याची पिसं वेगवेगळ्या वेळी बदललेली असतात, त्याच्या रेघा एका ओळीत येत नाहीत. चांगला फोटो असेल, शेपूट पसरलेली असेल, तर ही ओळ दिसते आणि मग कुणी कितीही वाद घालू दे, ते यंदाचंच पिल्लू.

कावळ्याचं की कोकिळेचं

आपल्याकडच्या कोकिळेची पिल्लं घरट्यात बरीच काळी असतात, मादी असली तरी डोकं काळपट असतं, म्हणूनच एवढा गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियाकडचा कोकीळ कावळ्याकडे अंडी घालत नाही, तिकडे यजमान वेगळे, आणि तिकडची पिल्लं तपकिरी, पट्टेरी असतात. म्हणजे आपल्या पिल्लाचा काळा रंग कावळ्याच्या घराला साजेसा आहे, असं पक्षीतज्ज्ञ फार पूर्वीपासून म्हणत आलेत. शाळेत ते सुभाषित पाठ केलेलं आठवतं ना, कावळाही काळा कोकीळही काळा, वसंत आला की कोण कोण ते कळतं. तर वसंतापर्यंत थांबायची गरज नाही.

सगळ्यात आधी पाय. कावळ्याची तीन बोटं पुढे, एक मागे. कोकिळेची दोन पुढे, दोन मागे, अगदी लहानपणापासून. तारेवर किंवा ग्रिलवर बसलेलं असेल तर समोरून दोनच बोटं दिसतात, ही खूण कधी फसवत नाही. (पोपट आणि तांबट यांची पण बोटं अशीच असतात, पण त्यांना कुणी कावळा समजत नाही.)

मग नाकपुड्या. कावळ्याच्या चोचीच्या मुळाशी राठ केसांसारखी पिसं पुढे आलेली असतात आणि नाकपुडी झाकतात, कोकिळेची नाकपुडी उघडी असते. मग शेपूट, कोकिळेला शेपटीत दहा मोठी पिसं आणि कावळ्याला बारा, खालून फोटो मिळाला तर सरळ मोजा. डोळे पण बघा, कावळ्याच्या पिल्लाचे डोळे निळसर-करडे असतात, कोकिळेच्या पिल्लाचे गडद, तपकिरीकडे झुकणारे. तो प्रसिद्ध लालभडक डोळा लहानपणी नसतो, फिकट हिरवट चोच पण नसते, दोन्ही हळूहळू रंग पकडतात.

आणि ठिपके. कोकिळेच्या पिल्लाच्या पंखांवरच्या लहान पिसांची टोकं पांढुरकी किंवा बदामी असतात, एका ओळीत, नक्षी काढल्यासारखी. कावळ्याच्या पिल्लांच्या पंखांत पण कधीकधी पांढुरके पट्टे दिसतात, विशेषतः खाणं नीट न मिळालेल्या पिल्लांच्या, पण ते ओबडधोबड असतात, पिसाच्या टोकावर नेमके नसतात.

नर की मादी? जास्त काळं आणि कमी ठिपके म्हणजे बहुतेक नर, आणि छातीपोटावर भरपूर पट्टे म्हणजे बहुतेक मादी. पण घरटं सोडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत मी वहीत "बहुतेक" हा शब्द सोडत नाही. तुम्ही पण सोडू नका, सप्टेंबरपर्यंत थांबलं तर काय बिघडलं.

झिजणं वेगळं, गाळणं वेगळं

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

पिल्लाचे ठिपके जून-जुलैत ठसठशीत असतात आणि सप्टेंबरला कमी झालेले दिसतात. लोक लगेच म्हणतात मोल्ट झाला, पिसं बदलली. तसंच असेल असं नाही. पिसाला काळा रंग देणारं जे मेलॅनिन असतं ते पिसाला मजबुती पण देतं, पांढऱ्या भागात ते नसतं म्हणून पांढरं टोक लवकर झिजतं, तुटतं. फांद्यांत घासून, उन्हाने, पावसाने ठिपके नुसतेच उडून जातात आणि पिल्लू एकही पीस न बदलता काळं दिसायला लागतं. अशा वेळी पिसाची कड बघा, ती कुरतडल्यासारखी, दातेरी दिसेल आणि उरलेला काळा रंग पण मळका, तपकिरी छटेचा दिसेल.

खरोखर नवीन पीस आलेलं असेल तर त्याची कड गोल, अखंड असते आणि नर पिल्लाच्या बाबतीत त्याला निळसर-हिरवी चकाकी असते, ओल्या शाईसारखी. नवीन पीस जुन्याच्या शेजारी बसलं की दोघांमधे सरळ सीमारेषा दिसते. ती रेषा सापडली की ती तारखेसकट लिहून ठेवायची, अख्ख्या वर्षाच्या नोंदीत तीच सगळ्यात मोलाची ओळ.

पहिल्या पीसबदलात पिल्लू सगळी पिसं टाकत नाही. आधी अंगावरची, डोक्याची, खांद्याकडची लहान पिसं बदलतात, पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं मागून येतात, काही तर पुढच्या हंगामापर्यंत तशीच राहतात. म्हणून हिवाळ्यात असा नर दिसतो की अंग चकचकीत काळं आणि पंखात मधेच दोन-चार फिकट, पट्टेरी पिसं. त्याला "विचित्र रंगाचा कोकीळ" म्हणू नका, तो गेल्या पावसाळ्यातला पोरगा आहे.

पंखांची मोठी पिसं बदलायची पद्धत पण दोघांची वेगळी. कावळा शिस्तीचा, पंखाच्या मधून सुरुवात करून टोकाकडे एकेक पीस ओळीने टाकत जातो, पावसाळ्यात उडणाऱ्या मोठ्या कावळ्याच्या पंखाला खिडकीसारखी फट दिसते ती यामुळे. कोकिळेच्या कुळात मात्र हा क्रम उड्या मारत जातो, इथलं एक, मग दोन सोडून तिथलं एक, त्यामुळे जुनी-नवी पिसं एकाआड एक मिसळलेली दिसतात. पहिल्यांदा बघताना मला वाटलं फोटोतच गडबड आहे, पण तीन वेगळ्या पक्ष्यांत तेच दिसलं तेव्हा पटलं.

फट दिसली की दोन्ही पंख बघायची सवय लावा. दोन्हीकडे साधारण सारख्या जागी फट असेल तर ते पिसं गाळणं. एकाच बाजूला असेल तर अपघात, मांजर, मांजा, काहीही.

बघायचं कसं, लिहायचं कसं

८ बाय ४२ ची दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर झूमवाला मोबाइल पण चालतो. काळ्या पक्ष्यामागे पांढरं आकाश असलं की फोटोत नुसती सावली येते, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉपने वाढवा. भर उन्हापेक्षा ढगाळ सकाळ चांगली, पिसांची कड नीट दिसते. पाऊस थांबल्या थांबल्या मात्र नोंद करू नका, भिजलेल्या पिसांत ठिपके चिकटून गायब होतात आणि सगळेच पक्षी काळे आणि आजारी दिसतात, पंख वाळवून होईपर्यंत अर्धा तास थांबा.

एकच फोटो काढायचा असेल तर चेहऱ्याचा काढू नका, पाठमोरा काढा, बसलेल्या पक्ष्याचे पंख आणि शेपूट दिसतील असा. दुसरा मिळाला तर शेपटीचा खालून, तिसरा पायांचा.

घरट्यावर चढणं, फांदी वाकवणं, ड्रोन नेणं, मोबाइलवर कोकिळेचा आवाज लावून बोलावणं, यातलं काहीही नको. मे-जूनमधे कावळे तसेही डोक्यावर टपली मारतात, ते बिचारे घर राखत असतात. आणि सोसायटीत पावसाळ्याआधीची छाटणी निघाली की आधी झाडावर घरटी आहेत का बघायला सांगा. आमच्याकडे एका वर्षी मी गावाला गेलेले आणि परत आले तर घरट्याची फांदीच नव्हती, दोन्ही पिल्लं गेली, त्या वर्षीची वही मे महिन्यातच थांबली. तेव्हापासून एप्रिल लागला की मी स्वतः सेक्रेटरींकडे जाऊन कुठल्या फांद्यांना हात लावायचा नाही ते सांगून येते, आणि ते ऐकतात.

वहीत मी काय लिहिते त्याचा नमुना देते:

१४ जून, सकाळी ७.४०, ढगाळ. पिल्लू घरट्याबाहेर, शेजारच्या फांदीवर. शेपूट बोटभर. पंखावर बदामी टोकांच्या दोन ओळी ठसठशीत. शेपटीखाली कापूस. दोन कावळे भरवतायत.

२ जुलै, शेपूट जवळपास पंखांच्या टोकापर्यंत. अजून भरवतायत. स्वतः पिंपळाचं फळ तोंडात धरलं, टाकलं.

२१ जुलै, एकटंच, उंबरावर, फळं खातंय. कावळ्याने हाकललं.

९ सप्टेंबर, खालच्या ओळीतले ठिपके निम्मे उडालेत, कड दातेरी, म्हणजे झीज. मानेवर मात्र चार-पाच चकचकीत काळी पिसं, कड गोल. नवीन!

बघा, यात "सुंदर", "गोंडस" असलं काही नाही, जागा, पीस, कड, तारीख, बस. २१ जुलैची नोंद मला विशेष प्रिय आहे, ज्याने महिनाभर आधी भरवलं त्यानेच हाकललं. नोंदी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) फोटोसकट टाका आणि "कावळा भरवताना" हे आवर्जून लिहा, नुसत्या "कोकीळ १" या आकड्यापेक्षा ते कितीतरी कामाचं आहे. मोठी कोकिळा मादी कधीकधी पिल्लाला भरवते अशाही नोंदी झालेल्या आहेत, दिसलं तर डोळे चोळून परत बघा आणि लिहाच.

पावशा, चातक आणि बाकीचे

पावशा म्हणजे आपला "पेरते व्हा, पेरते व्हा" वाला. मोठा पक्षी वरून राखाडी, छाती तांबूस, शेपटीवर पट्टे, लांबून शिक्राच (छोटा शिकारी पक्षी) वाटतो. पिल्लू मात्र वरून तपकिरी, तांबूस पट्ट्यांचं, आणि खाली पांढुरक्या छातीवर थेंब ओघळल्यासारख्या तपकिरी खुणा. गंमत म्हणजे शिक्र्याचं पिल्लू पण वरून तपकिरी आणि छातीवर तसंच थेंबाथेंबाचं असतं, म्हणजे पिल्लूपणीही दोघांची नक्कल जुळतेच. चोच बघा, शिक्र्याची आखूड आकडेबाज, पावशाची बारीक, किंचित वाकलेली. आणि आजूबाजूला सातभाई कलकलाट करत त्याला भरवत असतील तर प्रश्नच मिटला, शिक्र्याला सातभाई भरवणार नाहीत.

चातक पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो. मोठा पक्षी स्वच्छ काळा-पांढरा, तुरेवाला. पिल्लाचा काळा भाग काळपट तपकिरी असतो, पोट-गळा पांढऱ्याऐवजी मळकट साय रंगाचं, तुरा आखूड, आणि पंखावरचा पांढरा ठसा लहान. उघडलेल्या तोंडाच्या कडा पिवळ्या असतात, त्या लांबूनही चमकतात.

छोट्या जातीच्या कुकूंना शिंपी आणि वटवट्या हे इवलेसे पक्षी वाढवतात, स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या पिल्लाच्या तोंडात अळी घालणारा शिंपी बघितलात तर तो दिवस विसरणार नाही. यात एक सापळा आहे, काही मोठ्या माद्याच मुळात तांबूस पट्टेरी असतात, त्यांना पिल्लू समजू नका. शेपटीखालचा कापूस तपासा.

खाली पडलेलं सापडलं तर

पिसं आलेली आहेत, डोळे टक्क उघडे आहेत, फांदी धरून बसता येतंय, शेपूट आखूड आहे, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. मांजर-कुत्रं लांब ठेवा, रस्त्यावर असेल तर उचलून त्याच झाडाच्या फांदीवर किंवा फांदीला बांधलेल्या टोपलीत ठेवा आणि लांब व्हा. हात लावला म्हणून कावळे टाकत नाहीत. ते कोकिळेचं आहे हे तुम्हाला कळलं म्हणून कावळ्यांपासून "सोडवायला" जाऊ नका, ते कावळेच त्याचे आईबाप आहेत आत्ता.

दूध, पाव, चोचीत पाणी ओतणं, काही नको. अर्धवट नळीतलं पीस तुटून रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, मांजराने धरलेलं असेल, तर मात्र वाट बघू नका, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, किंवा परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलला न्या. घरी पाळायचा विचार पण नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही, आणि खोक्यात वाढलेल्या पिल्लाची पिसं अशी घासून तुटतात की ती बदलेपर्यंत त्याला धड उडता येत नाही.

नेताना खोक्यावर पत्ता, कुठल्या झाडाखाली मिळालं, किती वाजता, हे मार्करने लिहा. बरं झाल्यावर त्याला त्याच झाडाजवळ सोडता येतं, आणि जून-जुलै असेल तर कावळे तोपर्यंत तिथेच असतात.